कोऱ्या फिल्मची कड

दुधी हातात घेतला तरी मामा तो आधी डोळ्यांसमोर धरून फिरवायचे. "नाव इसर आन् बघ," म्हणायचे. दौंडला त्यांचा फोटो स्टुडिओ. मी तिथं कामाला होतो. पोटासाठी लग्नं आणि मनासाठी, मोबाइलच्या काळातही, कृष्णधवल रोल. उसाचं पेर, कोबीचा काप, शेवग्याची साल. तुम्ही ते फोटो पाहिले असते तर कोबीला कोबी म्हणायला जीभ अडखळली असती.

बाजारात बायका हसायच्या. "मामा, कोबीचं लगीन हाय का?"

"व्हय. नवरी लाजती, जरा मागं सरका."

वडगाव रासाईला भीमेचा काठ ढासळून एका करंजाची मुळं उघडी पडली होती. मामांनी एक रोल वर्षभर त्या मुळांसाठी राखला. महिन्याला तीनच फोटो. रोल संपला आणि पुरात झाड वाहून गेलं. पुण्याच्या एका प्रदर्शनानं त्यांच्याकडं हे फोटो मागितले होते, आयुष्यात पहिल्यांदा. पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून रोल मला धुवायला दिला.

मी फोनवर एका नवरदेवाच्या भावाशी भांडत होतो. त्या नादात चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा हायपो ओतला. हायपो आधी पडला की चित्र उमटायच्या आतच धुऊन जातं. टाकी उघडली तर फिल्म काचेसारखी स्वच्छ.

"मामा, शटरच उघडलं नसंल," मी म्हणालो.

त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. अंगठा कडेवरून शेवटपर्यंत नेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. शटर बंद राहिलं तरी, फिल्म नीट धुतली तर, तिच्या कडेला कंपनीचे आकडे उमटतातच. इथं एकही नव्हता.

मामा बराच वेळ कडच बघत होते.

"आसंल," ते म्हणाले. "जुना झालाय कॅमेरा."

कुणी विचारलं की हेच सांगायचे, माझ्यादेखत. कॅमेरा कपाटात गेला. पुन्हा त्यांनी एक पानसुद्धा टिपलं नाही. मी तिथं आणखी सहा वर्षं काम केलं. रोज सांगायचं ठरवायचो आणि चहा पिऊन घरी जायचो.

मागच्या वर्षी मामा गेले. तेरावं झाल्यावर त्यांच्या लेकीनं कॅमेरा माझ्यापुढं ठेवला. "बंद पडलाय म्हणायचे. तरी तुम्हालाच द्यायला सांगितलंय."

मी सवयीनं लिव्हर ओढून बटण दाबलं. खट्. शटर उघडलं, मिटलं.

"अवो, ह्यो तर चालतोय की!" ती माझ्याकडं बघत राहिली.

"ताई, बसा जरा," मी म्हणालो.