ड्रमातले पाहुणे

नाचणगावच्या अनुसयाबाईंनी उभ्या जन्मात मासा खाल्ला नाही, पण शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला त्या पोटच्या पोरांसारखं जपतात. यंदा तळ्याला वास सुटला, मासे वर येऊन तोंड वासू लागले, तेव्हा पुतण्या गजेंद्रनं एक पुडी आणून दिली.

"काकू, यात चांगले जिवाणू हायेत. तळ्यातली घाण खातेत. ड्रममधी पाणी, गूळ, कोंडा घालून त्यायले रातभर ठेवजो, मंग तळ्यात टाकजो."

घरी आलेला जीव म्हणजे पाहुणाच. अनुसयाबाईंनी विहिरीचं पाणी नाकारलं आणि पिण्याच्या नळाचं पाणी फडक्यानं गाळून ड्रममध्ये ओतलं. सकाळी झाकण काढलं, तर ना फेस, ना आंबूस वास. पुडीच खोटी निघाली म्हणत त्यांनी गजेंद्रला फोनवर फैलावर घेतलं.

"पाणी कोनतं घेतलं, काकू?"

"नळाचं! घरातलं सगळ्यात चांगलं!"

"त्यात जंतू मारायची दवा रायते. तुनं पाहुण्यायले जहर पाजलं."

त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही. दुसरी पुडी मात्र विहिरीच्या पाण्यात अशी फसफसली की झाकण उचललं गेलं. हळूहळू तळ्याचा वास गेला, मासे पुन्हा खाण्यावर तुटून पडू लागले.

परवा त्यांचे यजमान तानबा उन्हातून आले आणि ड्रमसाठी काढलेल्या विहिरीच्या पाण्यात तांब्या बुडवायला वाकले.

"हात नका लावू!" अनुसयाबाई कडाडल्या. "तुमच्यासाठी नळाचं हाय ना! हे पाहुण्यायचं हाय."