तारीख बघणाऱ्या विमलताई

रोहन, मीरा, ऐका पोरांनो. विमलताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा बसायच्या आधी त्यांनी बिस्किटांचा डबा उलटा करून त्यावरची तारीख पाहिली. मला राग आला. माझ्या घरात जुनं काही सापडत नाही, हे सगळ्या ब्लॉकला माहीत होतं. "मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या, "हात आपोआप जातो."

त्या मूळच्या साताऱ्याच्या, पेशाने नर्स. सिएरा लिओनमधल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली आणि मग साताऱ्याला न परतता इथे मुलाकडे, सेंगकांग उपनगरात, आमच्याच ब्लॉकमध्ये राहायला आल्या. त्या खेड्यातल्या लोकांना कुणी 'बिचारे' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बिचारे कसले? दोन मैलांवरून पाणी आणून, उकळून मग बाळाला पाजतात त्या बाया." गावचा हातपंप बिघडला की घरोघर जुलाब सुरू होत आणि दुरुस्तीला माणूस यायला महिने लागत. तिथली माणसं आळशी असतील, असं मी एकदा म्हणाले. "आधी तो पंप नीट करून द्या, मग बोला."

२०१४ साली तिकडे इबोला पसरला. ब्लॉकमधल्या आम्ही मराठी बायकांनी त्यांच्या दवाखान्याला मदत पाठवायचं ठरवलं आणि जमवाजमव माझ्याकडे आली. घरोघरच्या कपाटांतून औषधं निघाली. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, टेबल मांडून मी सात खोके भरले, प्रत्येकावर टाईप केलेली यादी चिकटवली. विमलताई भाजीची सुरी घेऊन आल्या आणि त्यांनी पहिलाच खोका फाडला. तापाचं सिरप वर काढून माझ्यासमोर धरलं. मुदत संपून चार महिने झाले होते.

तिथे काहीच नाही, त्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणाले.

एरवी त्या मला अहो-जाहो करत. "तू रोहनला देशील हे?"

रोहन, तेव्हा तू चार वर्षांचा होतास.

मग त्यांनी इसातूचं सांगितलं. पाच वर्षांची मुलगी, मलेरिया झालेला. अशाच एका दानाच्या खोक्यातल्या गोळ्या ताईंनी गर्दीत, तारीख न बघता दिल्या. ताप उतरला नाही. दुसऱ्या गोळ्या येईपर्यंत ती गेली होती. "तिच्या आईने मला दोष दिला नाही. मी देते."

आता पाठवायचं तरी काय, असं कुणीतरी पुटपुटलं. ताईंनी तिथूनच दवाखान्यातल्या सिस्टर कादियातूंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "विचार."

इतक्या दिवसांत हे मला सुचलंच नव्हतं. त्यांना हवे होते हातमोजे, साबण आणि तोटी आणि झाकण असलेल्या बादल्या. जुनी औषधं नकोत, असं त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. आधीच आलेल्या अशा औषधांनी एक खोली भरली होती, तिथे दोन खाटा मावल्या असत्या.

सातही खोके मी स्वतः रिकामे केले आणि यादी नव्याने टाईप केली.

गेल्या वर्षी विमलताई नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये होत्या. ते शेवटचंच आजारपण. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. नर्स सलाइनची नवी पिशवी घेऊन आली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून मी तारीख वाचून दाखवली. अजून दोन वर्षं होती.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तिकडच्या दवाखान्यातही अशीच जाऊ दे."

मग त्यांनी नर्सपुढे हात केला.