इशेन जागा आहे

काराकोलच्या आमच्या गल्लीत कुणी "इशेन बरा आहे ना?" असं विचारलं, की बुरुलकान एजे, गल्लीची थोरली ताई, म्हणायची, "जागा आहे हो." इशेन तिचा नवरा. त्याला जाऊन तीन हिवाळे झाले होते. जागा असायचा तो त्याचा कॉम्प्युटर.

डिजिटल नाण्यांच्या एका जाळ्याचा तो राखणदार. या जाळ्याला ना मालक, ना बँक. राखणदारांनी स्वतःची आणि विश्वास टाकणाऱ्यांची नाणी तारण ठेवायची, व्यवहारांवर सही करायची. बदल्यात मिळणारी नवी नाणी सगळ्यांत वाटायची. लबाडी केली तर तारण कापलं जातं. नियम बदलायचा, तर नाणी असणाऱ्यांनी मतं द्यायची. अर्ध्या गल्लीची नाणी 'इशेन' या नावामागे होती.

घरची वीज गेली, की समोरच्या कालिपाकडचं दुसरं मशीन लावायचं. पण आधी घरच्या मशीनची वायर काढायची, हे इशेननं एजेला शंभरदा बजावलं होतं. त्या दिवशी बर्फात पळताना एजे नेमकी तेच विसरली. वीज परत आली आणि दोन्ही मशीनांनी एकाच नावानं सही केली. जाळ्याच्या लेखी ही शुद्ध लबाडी! सगळ्यांचं थोडंथोडं तारण कापलं गेलं आणि 'इशेन' हे नाव कायमचं बाद झालं.

"नाण्यांचं काय घेऊन बसलीस!" कालिपा म्हणाली. पण एजेला नाण्यांचं नव्हतंच. तिनं त्याला दुसऱ्यांदा घालवलं होतं, आणि या वेळी स्वतःच्या हातानं.

पुढे जाळ्यातल्या दूरदूरच्या लोकांनी ठराव मांडला: चूक विजेची, 'इशेन'ला माफी द्या. गल्लीनं नाणी दुसऱ्या राखणदारांमागे हलवली होती, त्यामुळे मत प्रत्येकाला होतं. कालिपा आनंदाला करायचे पिठाचे बोरसोक तळून घेऊन आली, जणू निकाल लागलाच.

एजेनं मात्र चहाला हात लावला नाही. "नारिन गावच्या तोरुगुलचं नाव असंच बाद झालं, तेव्हा माफीविरुद्ध कोण भांडलं होतं गं?"

कालिपानं बोरसोकची ताटली तिच्यापुढे सरकवली.

"माझा इशेन. जिवलग मित्र होता त्याचा, तरी. म्हणाला, आज ओळखीच्याला सोडलं, तर उद्या चोराला कुठल्या तोंडानं अडवणार?"

"अगं, तो मेला! त्याचं नाव तरी राहू दे की, बाई!"

"त्याचंच नाव आहे, म्हणून तर."

आणि एजेनं नवऱ्याच्या माफीविरुद्ध मत दिलं. कालिपानं रागारागानं माफीच्या बाजूनं दिलं आणि बोरसोक तिथेच टाकून निघून गेली. ठराव पडला. तिकडे पुष्कळांनी एजेचं मत बघूनच आपलं ठरवलं होतं.

आठवडाभरानं कालिपाच आधी आली. तिला कुठला दम निघतोय! एजे नवा राखणदार उभा करत होती. नावाची जागा रिकामी होती.

"घाल, 'इशेन दोन' घाल," कालिपा म्हणाली.

एजेनं सावकाश अक्षरं दाबली: बुरुलकान.

"आणि इशेन?"

एजेनं खिडकीबाहेर पाहिलं. तीन हिवाळ्यांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते निघालं. "इशेन गेला गं, कालिपा." मग ती रडली. कालिपानं तिला पोटाशी धरलं आणि तीही रडली.

चहा निवून गेला. पडद्यावर नव्या नावामागे पहिली नाणी आली होती. पाठवणारा होता नारिनचा तोरुगुल.