आक्कांच्या पट्टीतली गिटार

अख्ख्या बीड जिल्ह्यात मोठ्यानं शिंकायची भीती वाटावी असं एकच घर आहे, आणि ते माझ्या साडूंचं. पाटोद्याच्या बाजारपेठेमागं दोन खोल्या आणि एक ओसरी. वायरमनकीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी मोडकी वाद्यं दुरुस्त करायचा नाद लावून घेतला, आणि आता खिळा ठोकता येईल तिथं एक सतार नाहीतर तंबोरा टांगलेला आहे. तुम्ही शिंकलात की चारी भिंतींतून एक बारीक गुणगुण उठते आणि हळूहळू एकेक तार विझत जाते. तोवर साडू हात वर करून तुम्हाला गप्प बसवतात. "त्येंचं बोलून होऊ द्या, पाव्हणं." मी शाळेत विज्ञान शिकवतो. सूर जुळला की तार आपोआप थरथरते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण भरदुपारी रिकाम्या खोलीतून हुंकार आला की फळा आठवत नाही, चप्पल कुठं काढली ते आठवतं.

दुरुस्तीला आलेल्या वाद्याला साडू आठ दिवस हात लावत नाहीत. ओसरीतल्या खुर्चीवर त्याला बसवतात, 'तुमी' म्हणतात आणि कापसाच्या भावासकट सगळा पेपर वाचून दाखवतात. एकदा तलाठी त्या खुर्चीत बसायला गेले, तर हे म्हणाले, "तितं बसलंय की कुणीतरी." तलाठ्यांनी खुर्चीकडं पाहिलं, साडूंकडं पाहिलं आणि उभ्याउभ्याच चहा संपवला.

गिटार त्यांना आष्टीच्या बाजारात भंगारवाल्याकडं मिळाली. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली असावी. पाठ तडकलेली, पोट फुगलेलं, दांडी वाकलेली. उलटी करून झटकली तर धुळीबरोबर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा पडला. साडूंनी धूळ पुसली आणि तुकडा परत आत टाकला.

"कावून ठेवता आत?" मी त्यांच्याच बोलीत चेष्टा केली.

"जिचा हाय ती इचारायला आली तर?"

मी हसलो खरा, पण त्या दिवशी परत त्या खुर्चीकडं बघितलं नाही.

चौथ्याच दिवशी आक्कांच्या घशाचा रिपोर्ट आला. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. ओसरीतून हाक मारली तर स्टँडवरचा माणूस मागं वळावा असा त्यांचा भरदार आवाज. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. साडू घरी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आठ दिवस पुरे व्हायच्या आत त्यांनी वाद्य खुर्चीवरून उचललं.

पाठ सरसानं चिकटवली, दांडी शेकून सरळ केली. तारा उंच उचलल्या, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवत वाजवता यावी. मग कडेला भोकं पाडून तेरा नव्या खुंट्या बसवल्या. त्यांच्या तारा वाजवायच्या नसतात, त्या नुसत्या ऐकतात आणि साथ देतात. ती प्रत्येक तार साडूंनी आक्कांच्या आवाजावर लावली. "म्हशीला हाक मार." "भाजीवाल्याशी भांड." "आता मला बोलव." आक्का ओरडायच्या, हे लाकडाला कान लावून खुंटी पिळायचे.

"म्या मराय टेकले आन ह्यांना गाणं सुचतंय!" आक्का एकदा संतापल्या, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातून गिटार हुंकारली. आक्कांनी पदर तोंडाशी धरला. मी जाऊन बोललो, गायलो, अगदी पाढे म्हटले. माझ्यापुढं ती मख्ख.

"मोबाइलवर आवाज भरून ठेवा की," मी सुचवलं.

"मोबाइल तिचं बोलणं ऐकवल. ही तिला वळखती."

ऑपरेशननंतर महिन्यानं मी बायकोला घेऊन गेलो. आक्का गळ्याला फडकं गुंडाळून गिटारीपुढं बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, पण नुसता श्वास आला. तारा हलल्या नाहीत. "उतरल्या आसतील," म्हणत साडू खुंट्या पिळू लागले. तारा उतरल्या नव्हत्या, हे त्यांनाही कळत होतं. मला त्यांच्याकडं बघवेना.

एवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं विचारलं, "दाजी, चहा ठेवू का?"

गिटार हुंकारली. बारीक, पण स्पष्ट.

साडू खुंटीवर हात ठेवून तसेच राहिले. आक्का उठल्या, धाकट्या बहिणीला हाताला धरून आणलं आणि गिटारीपुढं उभं केलं. आधी स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवलं, मग नवऱ्याकडं. बायकोला माझ्याआधी कळलं आणि ती लाजेनं लाल झाली. आक्का नवऱ्याला मारायच्या ती हाक तिनं दाजींना मारायची, तीही माझ्यासमोर!

"आक्का, मला न्हाई जमायचं गं."

आक्कांनी तिची हनुवटी उचलली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्यावरची एक शेळी फार लक्ष देऊन बघू लागलो.

"आवं," ती म्हणाली, "ऐकलं का?"

माझ्या बायकोचा आवाज चिरका आहे, हे आमच्या गल्लीला माहीत आहे. त्या दुपारी तो छातीतून आला, जड आणि भरलेला. तेराच्या तेरा तारा एकदम उठल्या. आक्कांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

"आलो," साडू दोन हातांच्या अंतरावरून म्हणाले.

सख्ख्या बहिणींचे आवाज मिळतेजुळते असायचेच, हे मी परतीच्या एसटीत तीनदा सांगितलं.

आता महिन्या-दोन महिन्यांनी आक्कांचा मोबाइलवर लिहिलेला निरोप येतो, "तिला पाठव." मी तिला गाडीत बसवून देतो. स्वतः जात नाही, तिथं तेव्हा माझं काही काम नसतं. संध्याकाळी ती परत येते आणि जेवणं होईपर्यंत फारसं बोलत नाही. मीही बोलायला लावत नाही.