मागचं बोट नसलेलं पाखरू

“गुरुजी, आदी खाली बसा. मंग बोला.”

सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं, त्यांचं प्रत्येक बोलणं इथून सुरू व्हायचं. स्वतः ते बसलेलेच असायचे, उकिडवे, गुडघ्यांवर कोपरं टेकून. कर्जतकडच्या आमच्या माळावर ते रोजंदारीवर माळढोक राखायचे. उभा माणूस त्या पाखराला कोसभरावरून दिसतो आणि ते चालतं होतं. त्यामुळे जन्मभर बसून बसून मामांना उभं राहणंच परकं झालं होतं. बँकेच्या रांगेत बसायचे. साहेबानं खुर्ची दिली तर खुर्चीशेजारी बसायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चाललेली, सगळा मांडव उभा आणि हे आपले मुठीत अक्षता धरून खाली! नवरीचा बाप चिडला, तर म्हणतात कसे, “उबं ऱ्हायलं का समदी बुजत्यात वो.”

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल, ज्याला सगळे हसतात आणि कुणी काही विचारत नाही. मी विचारायला गेलो तो माझ्या गरजेनं. सातवीला विज्ञान शिकवायचो आणि प्राण्यांच्या अनुकूलनाचा धडा दरवर्षी कोरडा जायचा.

एका सकाळी मामांनी मला माळावर नेऊन बसवलं. समोर नुसतं कुसळीचं गवत.

“नजर लांब टाका.”

टाकली. काही नाही. मग त्या वाळक्या गवताचाच एक तुकडा हलला, त्याला मान फुटली आणि कमरेएवढी उंच मादी टोळ टिपत निवांत चालायला लागली. अहो, इतका वेळ मी तिच्याकडंच बघत होतो!

मामा कुजबुजत सांगत होते. हिला घरटं नसतं. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, तेही मातीच्या रंगाचं. पाणी मिळालं तर पिते, नाहीतर टोळांवर आणि बोरांवर भागवते. कुत्रं आलं की पाय लोंबकळत सोडून, जखमी झाल्यासारखी खालून खालून उडते आणि त्याला अंड्यापासून लांब नेते. मग त्यांनी धुळीतला ठसा दाखवला. तीन बोटं, तिन्ही पुढं.

“मागलं बोटच न्हाई. फांदी धरनार कशी? झाडावर बसतच न्हाई हे पाखरू. ह्याला मोकळा माळच पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी ते पाऊल फळ्यावर काढलं. खाली लिहिलं, ‘मागचे बोट नाही, म्हणून झाडावर बसत नाही.’ पोरांनी वहीत उतरवून घेतलं. पुढं कितीतरी वर्षं तो धडा मी रंगवून रंगवून शिकवला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं अडाण्यानं केलेलं नाही.

एका वर्षी शाळेची सहल राळेगणसिद्धीला नेली. तिथली झाडं, तिथलं पाणी बघून मला भलतंच स्फुरण चढलं. परतताना एसटीतच ठरवून टाकलं, आपला उजाड माळ हिरवा करायचा. पावसाळ्यात करंज, कडुलिंब, गिरिपुष्पाची रोपं आणली. पाहुणे ठरवले. कापडी फलक रंगवला, ‘पाखरांसाठी झाडे’. शब्द माझे आणि अक्षरही माझंच.

आदल्या दिवशी मामा येऊन वर्गाच्या दारात बसले.

“गुरुजी, उद्याच्याला नगा. अंडं हाय.”

“कुठं?”

“माळावर. तीन सालांनी घातलंय. नर चार दिस आल्ता, त्यो बी गेला. ही येकलीच ऱ्हायलीय आता. म्हैनाभर थांबा. पिल्लू चालाय लागंल, मंग काय करायचं ते करा.”

“मामा, रोपं आलीत, पाहुणे यायचेत. आपण तेवढा कोपरा सोडू की!”

“कोपरा? माळ उजाड न्हाई वो गुरुजी. त्यो तसाच आस्तो.”

“अहो, पाखरांसाठीच तर लावतोय झाडं!”

त्या मागल्या बोटाचं मामांनी पुन्हा काढलं नाही. गुरुजीला आपण काय सांगायचं, असं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी दोनशे पोरं, टिकाव, फावडी, लेझीम, आणि डब्यांच्या वासानं मागं लागलेली गावातली कुत्री. कोपऱ्याला दोरी बांधली होती. दोरीच्या आत मामा बसले होते. दहाच्या सुमारास कुत्री तिकडं वळली आणि मादी उठली. पाय लोंबकळत, अडखळत, जमिनीलगत उडाली. कुत्री तिच्या मागं सुटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, गाढव, ओरडलो, “बघा रे, बघा! आपल्या धड्यातलं!”

कुत्री दमून परत आली. मादी आली नाही. कशी येणार? जिथं उतरायचं तिथं खड्डे, काठ्या आणि उभी माणसं. मामा मात्र पाच दिवस तिथून हलले नाहीत. मी दोनदा भाकरी घेऊन गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी मला खाली बसायला सांगितलं नाही, तेव्हा मी समजलो, ती आता यायची नाही.

सहाव्या दिवशी ते शाळेत आले आणि टॉवेलात गुंडाळलेलं अंडं माझ्या टेबलावर ठेवलं.

“थंड पडलं. ऱ्हाऊ द्या शाळंत. धड्याला पोरान्ला दावा.”

टोमणा असता तर मला सोसला असता. टोमणा नव्हता. ते अंडं अजून शाळेच्या कपाटात कापसात आहे. मी तो धडा पुन्हा शिकवला नाही. गणित मागून घेतलं.

पाखरू नाही म्हटल्यावर मामांचं काम सुटलं, पण येणं सुटलं नाही. झाडं वाढली तसे ते सरकत गेले. आधी माळाच्या मधोमध बसायचे, मग कडेला, शेवटी रस्त्यालगतच्या मुरमाच्या ढिगावर. जिथून लांबवर दिसेल तिथं. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मी समोरून गेलो की राम राम घालायचे. एक महिना मागितला होता हो त्यांनी, फक्त एक महिना, आणि तो माझ्याच्यानं दिला गेला नाही. याची लाज मरेपर्यंत जायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तिरडीवर ठेवताना त्यांचे गुडघे काही केल्या सरळ होईनात. शेवटी तसेच बांधले.

त्या माळाला लोक आता ‘गुरुजींची वनराई’ म्हणतात. परवा एकटाच गेलो. मधोमध जाऊन उकिडवा बसलो आणि नजर लांब टाकली. दहा पावलांवर करंजाची खोडं, त्यांच्या मागं आणखी खोडं. वर फांद्यांवर कावळे, साळुंक्या, घट्ट धरून बसलेल्या. गुडघे ठणकायला लागले. आता उभं राहिलो तरी बुजायला तिथं कुणी नव्हतं. तरी मी उठलो नाही.