खदखदतं पाणी, आकडा एकतीस

माझ्या सुनेला कुणी नुसती 'कंप्युटरवाली' म्हणालं की माझं टाळकं फिरतं. वर्षाराणी म्हणतात तिला! बोईसरच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात ती कंप्युटर सांभाळते. माझा भाग्येश तिथंच रंगाच्या टाकीवर हाय, आणि कँटीनचा चहा माझ्याकडं. बेटेगावातून तिघं एकाच रिक्षानं जातो.

लग्न होऊन आली तेव्हा हौसेनं तिनं माझ्या मसाल्याच्या डब्यात एक वाटी वाढवली, बाकीच्या सरकवल्या. मला मोतीबिंदू, मी हाताच्या अंदाजानं घालणारी. मिठाच्या जागी तिखट पडलं! आमटी कुणाच्या घशाखाली उतरली नाय. लई बोलले मी तिला.

औंदा टाकीच्या कंप्युटरला नवं कर्नेल घातलं. कर्नेल म्हणजे आतला कारभारी. घालणाऱ्या शहाण्यानं जुनं पुसूनच टाकलं. टाकीची उष्णता वाचणारा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो जुन्याच्या मापाचा, काय चढेना. काम ठप्प. मॅनेजर कडाडले, "जबरदस्तीनं चढवा!"

"चढेल साहेब, पण आकडा भलताच दाखवेल. मी नाही चढवणार," वर्षाराणी म्हणाली.

"मग उद्यापासून येऊ नका."

मी चहा घेऊन दारातच होते. म्हनलं, "अगं बाई, ऐक की त्यांचं."

"आई, तुमचा मसाल्याचा डबा आठवा. नव्या कर्नेलनं आतल्या वाट्या सरकवल्यात. ड्रायव्हर न बघता जुन्याच जागी हात घालणार. आणि टाकीपाशी उभं कोण असतं?"

माझा भाग्येश. एकशेतीस डिग्री, वर वाफेचा दाब.

"उकळतं पाणी आणा, आई."

किटलीच घेऊन गेले. तिनं सुट्या कंप्युटरवर नवं कर्नेल घातलं, ड्रायव्हर जबरदस्तीनं चढवला आणि उष्णतेची सळई किटलीत सोडली. पाणी खदखदतंय, पडद्यावर आकडा एकतीस! मॅनेजरनी किटलीला बोट लावलं नि चटकन मागं घेतलं. टाकी थंड समजून कंप्युटर ती तापवतच राहिला असता.

ड्रायव्हर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी तयार ड्रायव्हर तेवढा घेतला होता. आमच्या बाईनं त्याचं मूळ लिखाणही मागून घेतलेलं. "हे काय लोणचं घालणार का?" म्हणून हसले होते सगळे. घाला आता! तेच लिखाण तिनं नव्या कर्नेलप्रमाणं दुरुस्त केलं, ड्रायव्हर नव्यानं बांधला. दुपारी मी परत किटली नेली. आकडा नव्व्याण्णव. मग टाकी सुरू झाली, आणि मॅनेजरनी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मी मुद्दाम तिथंच कप विसळत बसले.

आमच्या घरात आधी पुरुषांची ताटं. त्या संध्याकाळी पहिलं ताट मी वर्षाराणीला वाढलं. भाग्येश पाटावर बसून बघतच राहिला.

"आई, मला?"

"थांब जरा. तू धडधाकट जेवायला बसलायस ना, ते हिच्यामुळं."