माझं मत मी बाद केलं

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या आमच्या गल्लीच्या पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "घरी जाऊन मतं घेतली ना म्हाताऱ्यांची, त्यातली कैक बाद निघाली म्हणं. खूण कुठं करायची तेच कळत न्हाई ह्यांला." आणि माझ्याकडं बघून हसला. बाकीचेही हसले.

मी चौथी शिकलेलो आहे. खूण कुठं करायची ते मला कळतं. माझं मत बाद झालं ते चुकून नाही, मी ठरवून केलं. तेव्हा पारावर बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

धारूरच्या डोंगराकडं आमचं गाव. वरची गल्ली आणि खालची गल्ली. वरची एका जातीची, खालची दुसऱ्या. जातींची नावं लिहीत नाही, गेल्या दोन वर्षांत ती लई वेळा ऐकली. आम्ही वरच्या गल्लीचे. गल्ल्या माझ्या बापाच्या वेळेलाही दोनच होत्या, पण गिरणी एक होती, चहाचं हॉटेल एक होतं. ह्या इलेक्शनला हॉटेलं दोन झाली. खालच्या गल्लीच्या बाया दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागल्या, कारण गिरणी आमच्यातल्याची. लग्नाच्या पत्रिका लोक गल्ली बघून वाटायला लागले.

उभे बरेच जण होते, पण गावाच्या लेखी दोनच. एक त्यांचा, एक आमचा. पुतण्या आमच्यावाल्याचं काम करायचा. गळ्यात गमछा, दारात गाडी, कानाला फोन.

"तात्या, ध्यानात ठिवा, आपला माणूस हाय," तो म्हणाला.

"आपला म्हंजे?"

"म्हंजे आपल्यातला."

"ते झालं. तो म्हणतो काय?"

"म्हणायचं काय त्यात? आपला हाय, बास."

"दोन्ही गल्ल्या एका जागी बसवतो म्हणतो का?"

"तात्या, त्यांच्यावाला म्हणतो का तसं?"

तोही म्हणत नव्हता, हे खरं. दोघांच्याही भोंग्याच्या गाड्या ऐकल्या. माझ्या मनातलं एकानंही बोललं नाही.

त्यातच माझी म्हातारी गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि चहा होईपर्यंत गेली. साठ वर्षं संसार झाला. मी पेला हातात घेऊन उभा होतो, तो ठेवायचा कुठं ते सुचेना. लेक सासरहून दुपारी पोचली, मग ओढ्याकाठी नेऊन अग्नी दिला.

मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. दुसऱ्यांनी भाकरी आणायच्या, घरच्यांनी चार घास पोटात ढकलायचे. कडू घास म्हणतात त्याला. आमच्याकडं पहिली दुरडी आली ती खालच्या गल्लीतून. म्हातारीच्या मैत्रिणीनं आणली. ह्या बाईबद्दल सांगावं लागेल.

आम्ही वीसेक वर्षं ऊसतोडीला गेलो. दिवाळी झाली की गाडीबैल घेऊन खाली कारखान्याकडं, ते पार उन्हाळ्यापर्यंत. टोळीत तेव्हा गल्ली कुणी बघत नव्हतं. ही बाई आणि तिचा नवरा आमच्या शेजारच्या कोपीत. उसाच्या पाचटाची कोपी, मधे हात घातला तर पलीकडं निघेल अशी. एका साली म्हातारीचे दिवस भरत आलेले, तरी ती फडात मोळ्या बांधत होती. कळा सुरू झाल्या तेव्हा मी उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलतो, गाडी मोकळी होऊन परत येईस्तोवर दिवस मावळला. आलो तर लेक झालेली. ह्या बाईनंच बाळंतपण केलं, नाळ कापली, आणि वर माझ्यावरच डाफरली, "आता आलात व्हय दाजी? बरं झालं, मधीमधी आला न्हाईत." तेव्हापासून मी तिचा दाजी. पुढं महिनाभर तिनं स्वतःचा ऊस तोडून दोन्ही घरच्या भाकरी एका तव्यावर थापल्या.

मताला दोघी कायम बरोबर जायच्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, हात धरून. परत येताना म्हातारी विचारायची, "कुणाला दिलं गं?" ती म्हणायची, "तुज्यावाल्याला पाडलं." आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. खरंच एकमेकींच्या विरुद्ध दिलेलं असायचं, हे मला ठाऊक आहे.

तर ती बाई दुरडी डोक्यावर घेऊन आली. वर पांढरं फडकं, चारी टोकांची गाठ मारलेली. आत भाकरी आणि पिठलं असणार. दुरडी तिनं उंबऱ्याशी ठेवली, लेकीला पोटाशी धरलं, लई रडली आणि गेली. ती गेल्यावर पुतण्या माझ्या कानाशी लागला.

"तात्या, ती दुरडी ऱ्हाऊ द्या तशीच. आपल्या घरून यायलीय."

"कावून?"

"माणसं बसलीत सारी. बघायलीत. उगं इलेक्शनच्या तोंडावर नगं."

मी काय म्हणालो? काहीच नाही. माझं डोकं जाग्यावर नव्हतं असं मी पुढं मनाला लई वेळा सांगून बघितलं. पण ते खोटं आहे. डोकं जाग्यावर होतं. ओसरीवर भावकीची तीस माणसं बसलेली, मी त्यांना भ्यालो. पुतण्याच्या घरून भाकरी आल्या, त्या खाल्ल्या. लेक आत पडून होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुरडी न्यायला आली. दुरडी उंबऱ्याशी जिथं ठेवली तिथंच. तिनं वाकून गाठीला हात लावला. तिनंच मारलेली गाठ, तशीच होती. दुरडी उचलली, डोक्यावर घेतली, आमच्या गल्लीतून भरली दुरडी घेऊन ती खाली गेली. ओसरीवर मी बसलेलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दहाव्याला आली नाही, तेराव्याला आली नाही.

कागदावर माझं वय पंच्याऐंशीच्या पुढं आहे. खरं किती ते माझ्या आईला माहीत. एवढ्या वयाच्या माणसाचं मत आता घरी येऊन घेतात. त्याचा फॉर्म म्हातारी असतानाच पुतण्यानं भरून नेला होता. म्हातारी तेव्हा म्हणाली होती, "घ्या. आता सरकार ह्यांच्या बाजंपशी येणार. मी मातर पायी जाणार हाय माज्या मैतरणीसंगं." तेराव्यानंतर मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या, त्यात तिचीही आली. नाव काढायला वेळ लागतो म्हणाले. ती चिठ्ठी मी तिच्या फोटोमागं खोचून ठेवली.

मग एक दिवस ते लोक आले. दोन साहेब, एक पोलीस, एक शूटिंग घेणारा. दोन्हीकडची माणसं अंगणात उभी, आमच्याकडून पुतण्या, त्यांच्याकडून खालच्या गल्लीतला एक मास्तर. ते दोघं एका बाकावर शिकलेले. एकमेकांकडं पाठ करून उभे होते.

साहेबांनी बाजेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, सही घेतली आणि कागद दिला. मोठ्या साहेबानं नीट समजावून सांगितलं, "बाबा, एकाच नावापुढं खूण करायची. दोन ठिकाणी केली तर मत बाद होतं. दिसतंय ना? कुणी सोबत पाहिजे का?"

"दिसतंय," मी म्हणालो. "सोबत होती, ती गेली."

साहेबानं पेन पुढं केलं.

आडोशाआड मी कागद वाचला. सावकाश वाचला. तळाला 'यापैकी कोणीही नाही' असंही होतं. तिथं खूण करावी असं आधी मनात होतं. पण मग वाटलं, कुणीच नको असं माझं म्हणणं कुठं आहे? मला वरची गल्लीही पाहिजे आणि खालचीही पाहिजे. साठ वर्षं माझ्या घरात दोन्हीकडच्या भाकरी आल्या. तसं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. मी आमच्यावाल्यापुढं खूण केली. मग त्यांच्यावाल्यापुढं केली. दोन्ही सारख्या केल्या, एक लहान एक मोठी होऊ दिली नाही. कागद घडी घालून पाकिटात टाकला, पाकीट साहेबांच्या समोर चिकटवलं आणि पेटीत सोडलं.

ते गेल्यावर पुतण्या आत आला. "झालं ना तात्या आपलं?"

"झालं."

लई हलकं वाटलं त्या दिवशी. वाटलं, फेडलं. तेच सांगायला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन खाली गेलो. म्हातारी गेल्यापासून त्या गल्लीत पाय टाकला नव्हता. माणसं दारात येऊन बघायला लागली. बाई ओट्यावर तुरी निवडत होती.

"कावून आलात दाजी?" मान वर न करता तिनं विचारलं.

मी उभ्यानंच सांगितलं. घरी साहेब आले, कागद दिला, मी दोघांपुढं खुणा केल्या, मत बाद केलं. तुझ्या मैत्रिणीसाठी केलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "कुणी बघितलं?"

"कुणी न्हाई. मत कुणाला दावत नसतेत."

"मग? मत कुणी बघितलं न्हाई. माजी भाकर साऱ्या गावानं बघितली. पोरगी माज्या हातात जन्मली तिची, आन माज्या हातची भाकर उंबऱ्यावर शिळी झाली. तुमी बघत बसलात."

"व्हय. बसलो."

"भ्यालात."

"भ्यालो."

तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग उठून आत गेली. मला वाटलं, जा म्हणायची ही रीत असेल. मी काठी उचलली. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात तीच दुरडी, त्यावर तेच फडकं, गाठ मारलेली.

"घरात न्हाई बोलवणार मी तुमाला," ती म्हणाली. "हितं बसा, वाटंवर. गाठ तुमीच सोडा."

मी ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलो. माझी बोटं आता नीट वळत नाहीत. गाठ घट्ट होती, लई वेळ लागला. तिनं मदत केली नाही. समोर चार-दोन माणसं थांबली होती, कुणी मोबाईल काढला होता. वरून पुतण्याची गाडी आली. त्यानं मला बघितलं, गाडी हळू केली, आणि निघून गेला. संध्याकाळी तो माझ्याशी बोलला नाही, पुढं आठ दिवस बोलला नाही.

आत रात्रीची शिळी भाकर होती आणि लाल तिखट. पहिला घास घेतला. म्हातारी गेल्यावर मी रडलो नव्हतो, तिथं रडलो, भर रस्त्यावर, तोंडात घास घेऊन. बाई परत तुरी निवडायला लागली होती. थोड्या वेळानं तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"सावकाश खावा," ती म्हणाली. "अजून एक हाय त्यात."

मी दोन्ही खाल्ल्या.